व्हिडिओचं चाक थांबत नाही! ब्राउझरमध्ये एचएलएस चालवणाऱ्या जाणकारांची मदत हवी

कृष्णाकाठ | सोम, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात माझा हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी मूळचा गणिताचा मास्तर. निवृत्तीनंतर आमच्या सांगली जिल्ह्यातल्या एका वाचनालयाची वेबसाइट गळ्यात पडली. दर हिवाळ्यात आमची व्याख्यानमाला असते. तिचं चित्रीकरण फक्त सभासदांना दाखवायचं, अशी वक्त्यांची अट आहे.

आधी सरळ एमपी४ फाइल व्हिडिओ टॅगमध्ये लावली होती. दीड तासाचं व्याख्यान, ७२०पी, जवळपास २ जीबी. जतकडच्या सभासदांचा रोजचा पॅक १.५ जीबीचा. म्हणजे वक्ता मूळ विषयावर येईपर्यंत यांचा नेट संपलेला! मग कुणीतरी सांगितलं, 'अडॅप्टिव्ह' करा, नेट जसा असेल तसा दर्जा आपोआप खालीवर होतो. भाच्याने एक स्क्रिप्ट लिहून दिली. एफएफएमपेगने (व्हिडिओचं रूपांतर करणारं साधन) चार दर्जे काढले: ७२०, ४८०, ३६०, २४०. एचएलएस म्हणजे व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवायची पद्धत, ती ब्राउझरमध्ये चालवायला पानावर एचएलएस डॉट जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी लावली.

आता गंमत बघा. पुण्यात फायबरवर आयफोन असलेल्या सभासदाला सगळं झकास. जतच्या अँड्रॉइडवर मात्र चाक फिरतच राहतं. तिथे स्पीड टेस्ट केली तर १.५ ते २ एमबीपीएस दाखवते. आणि दर्जाच्या मेनूत जाऊन हाताने २४० निवडलं की लोण्यासारखं चालतं! 'ऑटो'वर टाकलं की पुन्हा चाक.

ऑटो नीट चालणार नसेल तर एवढा खटाटोप केला कशाला?

उंटावरचा_शहाणा | सोम, रात्री १०:३१

यूट्यूबवर अनलिस्टेड टाका की राव. कशाला डोक्याला ताप.

कृष्णाकाठ | सोम, रात्री १०:३८

लिंक व्हॉट्सॲपवर फिरायला किती वेळ लागतो? वक्त्यांना शब्द दिलाय.

उंटावरचा_शहाणा | सोम, रात्री १०:४०

तुमच्या तुकड्यांची लिंक नाही का फिरणार? आणि लॉगिन केलेला माणूस सगळे तुकडे उतरवून जोडू शकतोच.

कृष्णाकाठ | सोम, रात्री १०:४९

लिंकमध्ये ठरावीक वेळाने बाद होणारी सही घातली आहे, लॉगिनशिवाय उघडत नाही. उतरवायचंच असेल तर उतरवो बापडा, आम्ही काही सिनेमा विकत नाही. मूळ प्रश्नाकडे या हो कुणीतरी.

मीनल_ठाणे | मंगळ, सकाळी ८:०५

सर, दोन गोष्टी सांगा. एक, मास्टर प्लेलिस्टमधला (सगळ्या दर्जांची यादी असलेल्या फाइलमधला) मजकूर. दुसरं, क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग ६०० केबीपीएसवर बांधून ऑटोवर व्हिडिओ चालवा आणि कोणते तुकडे मागवले जातात ते बघा. 'डिसेबल कॅश'वर खूण करायला विसरू नका, नाहीतर आधी उतरलेले तुकडेच परत दिसतील आणि सगळं छान चाललंय असं वाटेल.

इथल्या खिडकीत रोमन लिहिलं की आपोआप देवनागरी होतं, त्यामुळे कोड डकवू नका. शब्दांत लिहिलंत तरी चालेल.

कृष्णाकाठ | मंगळ, दुपारी १२:२०

केलं. ७२०चा तुकडा मागवतो, अर्धामुर्धा उतरतो, मग ती ओळ लाल होऊन 'कॅन्सल्ड'. मग खालच्या दर्जाचा एखादा येतो. आणि लगेच परत ७२०! पुन्हा कॅन्सल्ड. हाच खेळ.

मास्टर प्लेलिस्टमध्ये चार जोड्या आहेत. पहिली अशी:
एक्स्ट-एक्स-स्ट्रीम-इन्फ, बँडविड्थ=३२००, रेझोल्यूशन=१२८०×७२०
बाकीच्यांत बँडविड्थ अनुक्रमे १६००, ९०० आणि ४५०.

मीनल_ठाणे | मंगळ, दुपारी १२:२६

सापडला चोर! बँडविड्थ बिट्स प्रति सेकंदात लिहायची असते, किलोबिटमध्ये नाही. ३२०० नव्हे, ३२०००००.

प्लेअरला वाटतंय की तुमचा ७२०पी व्हिडिओ सेकंदाला ३२०० बिट्समध्ये मावतो. एवढ्यात जेमतेम एखादं लिहिलेलं वाक्य मावेल, पण तो बिचारा कागदावर लिहिलेलं खरं मानतो. जतचा नेट त्याच्या लेखी राजमार्ग, म्हणून सगळ्यात वरचा दर्जा.

ते 'कॅन्सल्ड' म्हणजे त्याचा आणीबाणीचा ब्रेक. तुकडा उतरत असताना त्याच्या लक्षात येतं, की हा पूर्ण येईपर्यंत बफर, म्हणजे आधी उतरवून ठेवलेला साठा, रिकामा होणार. मग तो सोडून खालचा मागतो. तो तुकडा आला की पुन्हा नेहमीचा हिशोब, आणि हिशोबात ३२००. म्हणून पुन्हा वर. कागदावरच्या आकड्याऐवजी तुकड्यांचं खरं वजन धरायला सांगणारं एक सेटिंग एचएलएस डॉट जेएसमध्ये आहे, पण ते मुळात बंद असतं.

भाच्याला सांगा, मास्टर प्लेलिस्ट हाताने लिहायची गरज नाही. एफएफएमपेगला मास्टर-पीएल-नेम हा पर्याय दिला की ती तोच लिहितो, बरोबर आकड्यांसकट.

पावशेर | मंगळ, दुपारी १:१५

_/\_ मीनलताई. मी असतो तर आठवडाभर जावास्क्रिप्टमध्येच डोकं घातलं असतं.

कृष्णाकाठ | मंगळ, दुपारी ३:०२

तीन शून्यं! आयुष्यभर पोरांचे एककं न लिहिल्याबद्दल गुण कापले आणि शेवटी स्वतःच एककात नापास. (स्क्रिप्ट भाच्याची, पण ते आकडे मीच भरले होते.)

एक कुतूहल आहे. आकडे बरोबर असले तर हा 'ऑटो' ठरवतो कसा? ब्राउझर ठरवतो का?

मीनल_ठाणे | मंगळ, रात्री ९:४४

जेवणं झाली, आता सविस्तर लिहिते. मी पोटासाठी हेच करते त्यामुळे लांबण लागेल.

ब्राउझर काहीच ठरवत नाही, निदान क्रोम-एचएलएस डॉट जेएस या जोडीत तरी नाही. ब्राउझर फक्त एक दार उघडून देतो: मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स, म्हणजे एमएसई. २०१६ साली डब्ल्यू३सीने (वेबची प्रमाणं ठरवणारी संस्था) ते प्रमाण म्हणून मान्य केलं. या दारातून जावास्क्रिप्टने व्हिडिओचे तुकडे एकेक करून आत ढकलायचे, आणि व्हिडिओ टॅगला वाटतं की आपण एकसंध फाइल वाजवतोय. कोणता तुकडा, कोणत्या दर्जाचा आणि कधी, हे सगळं जावास्क्रिप्ट ठरवतं. तुमच्या .टीएस तुकड्यांना क्रोम या दारातून आत घेत नाही, म्हणून एचएलएस डॉट जेएस ते उघडून, आतला माल तसाच ठेवून, एमपी४च्या खोक्यात भरतो. चित्र परत एन्कोड होत नाही, फक्त खोकं बदलतं. हे काम तो मागे एका वर्करमध्ये करतो, त्यामुळे पान गोठत नाही.

आता दर्जा. प्रत्येक तुकडा किती बाइट्सचा होता आणि किती वेळात आला, यावरून वेग निघतो. त्याच्या दोन सरासऱ्या ठेवल्या जातात: एक ताज्या तुकड्यांना जास्त वजन देणारी चपळ, दुसरी सावकाश बदलणारी. दोन्हींतली कमी असेल ती धरायची. नेट पडला की चपळ सरासरी लगेच खाली येते, म्हणून प्लेअर पटकन सावध होतो. नेट सुधारला की सावकाश सरासरी मागे राहते, म्हणून तो लगेच हुरळून जात नाही. सुरुवातीला काहीच मोजलेलं नसतं तेव्हा अंदाज म्हणून ५०० केबीपीएस धरतो.

त्यानंतर दोन गुणक येतात, सर, ते तुम्हाला आवडतील. आहे त्या दर्जावर टिकायला किंवा खाली जायला मोजलेल्या वेगाच्या ०.९५ पट धरायचे, पण वर चढायला फक्त ०.७ पट. समजा जतला वेग २००० केबीपीएस मोजला. तुमचा ४८०चा दर्जा मागतो १६००. प्लेअर आधीच ४८०वर असेल तर २००० × ०.९५ = १९००, म्हणजे टिकला. पण ३६०वर असेल तर २००० × ०.७ = १४००, म्हणजे ४८०वर चढणार नाही. नेट तोच, पण तुम्ही कुठून आलात त्यावर उत्तर वेगळं. हे मुद्दाम केलंय, नाहीतर सीमेवरच्या नेटवर दर तुकड्याला दर्जा बदलला असता आणि बघणाऱ्याचे डोळे दुखले असते.

हा झाला वेग मोजायचा मार्ग. दुसऱ्या घराण्याचे लोक वेगाकडे फारसं बघतच नाहीत, बफर किती भरलाय त्यावरून ठरवतात. बोला नावाची पद्धत त्यातली, ती डॅश डॉट जेएसमध्ये आहे (डॅश ही एचएलएससारखीच तुकड्यांची दुसरी पद्धत). आमच्या ऑफिसात यावरून चहाच्या कपातली वादळं होतात. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या साठवलेल्या व्याख्यानांना दोन्ही चालतील. थेट प्रक्षेपणात मात्र बफरच जेमतेम असतो, तिथे खरी कसोटी.

अजून एक: 'कॅप-लेव्हल-टू-प्लेअर-साइज' चालू करा. मुळात ते बंद असतं. फोन उभा धरलाय, व्हिडिओची चौकट तळहाताएवढी, आणि प्लेअर ७२०पी उतरवतोय, हा सरळ डेटा जाळण्याचा प्रकार आहे.

चिंचगूळ | मंगळ, रात्री १०:१८

वाखूसा (वाचनखूण साठवली)! ०.७ आणि ०.९५चं उदाहरण फार छान.

अवांतर: २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. त्या प्रत्येकाच्या फोनवर हा हिशोब स्वतंत्र चालू होता, असा विचार केला की गरगरतं.

मीनल_ठाणे | मंगळ, रात्री १०:२२

आणि त्यातच तर शहाणपणा आहे. सर्व्हरला कुणाचा नेट कसा हे माहीत असायची गरज नाही. तो फक्त साध्या फाइली वाटतो, ठरवणारा ज्याच्या त्याच्या खिशात.

मांडवी_तीर | बुध, सकाळी ११:०७

धागा थोडा पळवतोय, माफी असावी. म्हापशाहून लिहितोय. आमच्या भजनी मंडळाच्या पानावरही थोडं तसंच आहे: आयफोनवर चालतं, क्रोममध्ये काळी चौकट. तुकडे नुकतेच दुसऱ्या डोमेनवर हलवले. एचएलएस डॉट जेएस लावलेलं आहे, पण आयफोनसाठी प्लेलिस्ट सरळ सोर्समध्येच दिली आहे.

बे_एरिया_बंड्या | बुध, सकाळी ११:२५

सीओआरएस, म्हणजे परक्या डोमेनवरून फाइली आणायच्या परवानगीचा नियम. कन्सोल उघडा, लाल अक्षरांत लिहिलेलं असेल. आयफोन स्वतःच्या प्लेअरने फाइली आणतो, त्याला परक्या डोमेनची परवानगी लागत नाही. क्रोममध्ये जावास्क्रिप्ट आणतं, त्याला लागते. नव्या डोमेनवर ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर लावा. प्लेलिस्ट आणि तुकडे, दोन्हींना. लोक प्लेलिस्टला लावतात आणि तुकडे विसरतात.

मांडवी_तीर | बुध, दुपारी १२:४०

झालं! तुकडेच विसरलो होतो. देव बरें करूं.

पावशेर | बुध, दुपारी १:०२

हेडर बघताच आहात तर .टीएसचा माइम टाइपही (फाइल कोणत्या प्रकारची हे सर्व्हर सांगतो तो) बघून ठेवा. आमच्याकडे एकदा सर्व्हर या फाइलींना क्यूटी या सॉफ्टवेअर बनवायच्या साधनाच्या भाषांतराच्या फाइली समजत होता, कारण त्यांचंही एक्स्टेन्शन .टीएसच. आणि एडिटर त्यांना टाइपस्क्रिप्ट समजायचा. एका एक्स्टेन्शनचे तीन नवरे! माइम टाइप व्हिडिओ/एमपी२टी हवा.

कृष्णाकाठ | गुरु, रात्री ८:३०

शून्यं दुरुस्त केली. जतहून फोन आला, चाक पुष्कळ कमी झालंय. पण पूर्ण थांबलेलं नाही. दर्जा बदलताना कधी कधी चित्र क्षणभर अडकतं, आणि सुरू व्हायलाही वेळ लागतो.

मीनलताईंनी सांगितल्याप्रमाणे मी प्लेलिस्ट वाचायला शिकलो आहे, तर काल चारही दर्जांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. स्क्रिप्टमध्ये तुकडा ४ सेकंदांचा सांगितलाय. यादीत मात्र ७२०ला १०, ७.३६, १०, १०... आणि २४०ला १०, १०, ४.७२, १०... चारचा पत्ताच नाही, आणि दोन्ही याद्यांचा मेळही नाही. हे कसं?

मीनल_ठाणे | गुरु, रात्री ९:१०

सर, तुम्ही निम्मं उत्तर स्वतःच काढलंत.

तुकडा की-फ्रेमवरच कापता येतो. की-फ्रेम म्हणजे आपल्या पायावर उभं असलेलं पूर्ण चित्र, बाकीच्या फ्रेम 'मागच्यापेक्षा काय बदललं' एवढंच सांगतात. एक्स२६४ला (एफएफएमपेग वापरतो तो एन्कोडर) काही सांगितलं नाही तर तो जास्तीत जास्त २५० फ्रेम थांबतो, किंवा दृश्य एकदम बदललं तर तिथे की-फ्रेम टाकतो. तुमचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असणार. २५० भागिले २५?

कृष्णाकाठ | गुरु, रात्री ९:१४

१०! आणि आमचा कॅमेरा स्टँडवर, वक्ता पोडियमला चिकटलेला. दृश्य बदलणारच नाही. ते ७.३६ म्हणजे पडद्यावरची स्लाइड बदलली तेव्हा?

मीनल_ठाणे | गुरु, रात्री ९:२०

दहापैकी दहा गुण. आणि चार दर्जे चार वेगळ्या वेळी एन्कोड केलेत, म्हणून 'दृश्य बदललं' हा निर्णय प्रत्येकाने आपापला घेतला. ७२०ला जे बदल वाटले ते २४०च्या धूसर चित्रात जाणवलेच नाहीत. त्यामुळे सांधे जुळत नाहीत, आणि रूळ बदलताना गचका बसतो.

मोठ्या तुकड्याचं दुसरं दुखणं: ७२०चा १० सेकंदांचा तुकडा सुमारे ३.७ एमबी. १.६ एमबीपीएसवर तो उतरायला १८ सेकंद. एक चुकीचा निर्णय १८ सेकंदांना पडतो.

उपाय: एफएफएमपेगला जी ५०, की-इंट-मिन ५० आणि एससी-थ्रेशोल्ड ० द्या, म्हणजे दर २ सेकंदांनी की-फ्रेम आणि मध्ये कुठेही नाही. तुकडा ४चा ठेवा किंवा ६चा. ॲपल स्वतः ६ सुचवतं. तुमच्यासारख्या नेटला मी ४ ठेवीन.

बे_एरिया_बंड्या | गुरु, रात्री ९:५८

एक भर. मूळ चित्रण फोनवर केलं असेल तर फ्रेमचा वेग बदलता असतो, ५० फ्रेम म्हणजे २ सेकंदच असं राहत नाही. तिथे फोर्स-की-फ्रेम्स वापरून वेळेच्या हिशोबाने की-फ्रेम टाकायला सांगा.

चिंचगूळ | शुक्र, सकाळी १०:१५

बाळबोध प्रश्न: डॅश का नाही वापरत कुणी? तो तर कुणा एका कंपनीचा नाही.

बे_एरिया_बंड्या | शुक्र, सकाळी १०:५०

वापरतात की. डॅश आयएसओचं प्रमाण म्हणून २०१२ला आलं. एचएलएस ॲपलचं, २००९चं, आरएफसी (इंटरनेटचा जाहीर तांत्रिक दस्तऐवज) झालं २०१७ला. पण आयफोनचा आतला प्लेअर डॅश ओळखत नाही, आणि आयफोनवर बरीच वर्षं एमएसईचं दारही नव्हतं. म्हणजे आयफोन हवा तर एचएलएस करावंच लागायचं, मग छोटी मंडळी म्हणतात दोन-दोन सांभाळा कशाला. २०१६पासून एचएलएसला एमपी४चे तुकडेही चालतात, त्यामुळे तुकडे एकच आणि याद्या दोन, असं करता येतं. आमच्याकडे तसंच आहे, शाका प्लेअर लावलाय.

कृष्णाकाठ | शुक्र, दुपारी ४:३३

आयफोनचा विषय निघालाच आहे तर: पुण्याच्या सभासदाला दर्जाचा मेनूच दिसत नाही म्हणे. त्याची तक्रार नाही, पण मला खुपतंय.

मीनल_ठाणे | शुक्र, रात्री १०:०१

तो जुना आयफोन किंवा जुनी लायब्ररी असणार. तिथे ॲपलचा आतला प्लेअर चालतो आणि दर्जाचा निर्णय तोच घेतो. जावास्क्रिप्टला 'हा दर्जा लाव' असं सांगायची सोय नाही, म्हणून मेनू लपवणंच बरं. नाहीतर लोक बटणं दाबत बसतात आणि काहीच होत नाही.

आयओएस १७.१पासून आयफोनवर मॅनेज्ड मीडिया सोर्स आलंय. एमएसईचंच भावंड, फक्त कधी उतरवायचं आणि कधी थांबायचं हे ब्राउझर सुचवतो, बॅटरी वाचावी म्हणून. एचएलएस डॉट जेएस १.५पासून ते वापरतं, मग मेनू दिसेल. मात्र एअरप्लेने टीव्हीवर बघणारे सभासद असतील तर त्यांचं बटण गायब होऊ शकतं, आधी तपासा.

आणि क्रम पाळा: आधी एचएलएस डॉट जेएसला 'चालेल का' विचारायचं, तो नाही म्हणाला तरच व्हिडिओ टॅगला कॅन-प्ले-टाइपने 'तुला वाजवता येईल का' विचारायचं. उलट केलंत तर अँड्रॉइडचा क्रोम 'मेबी' म्हणून मोकळा होतो, तुम्ही त्याच्यावर विसंबता आणि तुमची सगळी सेटिंग्ज वाया.

पावशेर | शनि, सकाळी ९:१२

सर, एक सुचवू का? व्याख्यान हे मुळात ऐकायचं असतं. ६४ केबीपीएसचा नुसता आवाज ठेवा. दीड तासाला ४३ एमबी. माझे वडील शेतात पाणी धरताना असंच ऐकतात, फोन खिशात.

फक्त तो त्याच मास्टर प्लेलिस्टमध्ये पाचवी पायरी म्हणून घालू नका. चित्राचे दर्जे असले की एचएलएस डॉट जेएस नुसत्या आवाजाची पायरी यादीतून काढूनच टाकतो. दोन दिवस शोधत होतो मी. वेगळी प्लेलिस्ट, वेगळं बटण.

कृष्णाकाठ | शनि, सकाळी ९:३०

पावशेर, नाव पावशेर पण सल्ला मणाचा! हे डोक्यातच आलं नव्हतं.

कृष्णाकाठ | रवि (दोन आठवड्यांनी), सायं. ६:४५

उशीर झाला, सगळी व्याख्यानं परत एन्कोड करायला माझ्या जुन्या संगणकाने नऊ रात्री घेतल्या. घरच्यांच्या मते पंख्याच्या आवाजाने झोप उडाली.

आता चारही याद्यांत ४, ४, ४, ४. शून्यं जागेवर. चौकटीच्या मापाचं सेटिंग चालू. बफरची मर्यादा ३० सेकंदांवरून ९० केली, कारण जतकडे टॉवर मधूनच दोन-दोन मिनिटं झोपतो, आणि मागचा बफर ६० सेकंदांवर बांधला, कारण कमी मेमरीच्या फोनवर मुळातलं 'कितीही ठेव' हे नको वाटलं. 'फक्त ऐका' हे बटणही आलं.

काल जतच्या काकांनी अख्खं व्याख्यान एसटीत बसून बघितलं. रात्री फोन: "मास्तर, चाक काय फिरलं नाही बघा. पण प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतला माणूस काय बोलला, कायबी ऐकू आलं नाही."

हॉलमध्ये माइक एकच आहे, तोही पोडियमवर. त्याचा वेगळा धागा काढतो.